तळे येण्यापूर्वी

प्रवासवर्णन शिकवणाऱ्याने स्वतः प्रवास केलाच पाहिजे, असा काही विद्यापीठाचा नियम नाही आणि तो नाही हे इतकी वर्षे आमच्या पथ्यावरच पडत आले. आम्ही दोघेही अठरा-वीस वर्षे मराठी शिकवतो. दोघांचा विषय एक, गाव एक आणि घरही एक. प्रवासवर्णनाची व्याख्या आणि लक्षणे आम्ही इतक्या तुकड्यांना सांगितली आहेत की आता फळ्याकडे न पाहताही ती लिहिता यावीत. १८५७च्या धामधुमीतून गोडसे भटजींनी केलेला प्रवास आम्ही आवाज चढवून शिकवतो. आमचा स्वतःचा प्रवास मात्र जळगाव जामोद ते अमरावती एवढाच. तोही उत्तरपत्रिका तपासण्यापुरता, एस.टी.च्या खिडकीतून.

२०२४च्या डिसेंबरात यात खंड पडला. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात उभी होती. तिच्या शेजारी दुसरी, अठ्ठावीस इंची, काळी, मधे आडवा दांडा असलेली. ही आमच्यातल्या एकीच्या वडिलांची. ते गेल्यानंतर ती कोणी भंगारात घालू दिली नाही आणि कोणी चालवलीही नाही. एका रविवारी दोन्ही सायकली दुकानात नेल्या. दुकानदाराने गिअरची सायकल नुसती उलटीपालटी करून पाहिली, काळीच्या मडगार्डवर मात्र दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला, "असं लोखंड आता भेटत नाही, सर." नवे टायर-ट्यूब पडले, ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल लागले. हिवाळी परीक्षा आटोपत आल्या होत्या. पाच दिवसांची रजा टाकली आणि बुलढाणा, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा असा फेरा आखला.

गावाला हे फारसे रुचले नाही. चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक सायकलवर दिसला की त्याची गाडी बिघडली असावी, असे लोक समजून घेतात. त्याच्या मागे सलवार-कमीज आणि बूट घालून मॅडमही सायकलवर दिसल्या की मात्र त्यांना काही समजून घेता येत नाही. पहिल्याच चौकात एका माजी विद्यार्थ्याने मोटारसायकल आडवी घातली. "काहून सर, काही नवस गिवस हाय का?" आम्ही हो म्हणून टाकले. ते सगळ्यात सोपे होते.

जळगावला 'जामोद' हे शेपूट खानदेशातल्या मोठ्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून लागले. जामोद हे जवळचेच गाव. आमच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा. १९०५ साली हा तालुका अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्याला जोडला गेला, पण सव्वाशे वर्षे होत आली तरी जिल्ह्याचे ठिकाण आम्हाला परक्यासारखेच वाटते. त्याचे कारण जिल्ह्याच्या रचनेत आहे. हा जिल्हा दुमजली आहे. खाली पूर्णेचे काळे सपाट खोरे आणि वर अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार. मुलगी पाहायला आलेले लोकसुद्धा आधी विचारतात, "घाटावरचे की घाटाखालचे?" वर पडलेला बहुतेक पाऊस पैनगंगा आणि खडकपूर्णेच्या वाटेने गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातो, खाली पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला. म्हणजे घाट चढणारा माणूस एका दुपारी एका समुद्राच्या मुलखातून दुसऱ्या समुद्राच्या मुलखात जातो. एस.टी.त हे कधी जाणवले नव्हते. पोटऱ्यांना जाणवले.

सामानात पुस्तक एकच घेतले होते: स्थानपोथीची झेरॉक्स प्रत. ज्यांचा मराठी वाङ्मयाशी परीक्षेपुरताच संबंध आला, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तेराव्या शतकात श्रीचक्रधर महाराष्ट्रभर पायी हिंडले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने लीळाचरित्रात गोळा केल्या. पुढे महानुभाव पंथातल्या मंडळींनी आणखी एक काम केले. स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची नोंद करणारा एक ग्रंथच सिद्ध केला. तीच स्थानपोथी. गावाचे नाव, गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ, देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, चौकात आसन कुठे, आसनापासून नदी कोणीकडे. इतकेच. निसर्गवर्णन नाही, भावना नाही, अलंकार तर नाहीच. आम्ही हिच्याबद्दल वर्गात जे एक वाक्य वर्षानुवर्षे सांगत आलो ते असे, की हा ग्रंथ वाङ्मय म्हणून रुक्ष असला तरी तत्कालीन भूगोलाच्या अभ्यासाला उपयुक्त आहे. पाच गुणांच्या टिपेला एवढे पुरते. लीळाचरित्र आणि स्थानपोथी ही दोन्ही ज्यांनी संपादिली ते डॉ. वि. भि. कोलते आमच्याच जिल्ह्यातल्या, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. १९०८चा त्यांचा जन्म. विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते थोडे सावरून बसतात, एवढाच या माहितीचा आजवरचा उपयोग.

लीळाचरित्रात मेहकर आहे, लोणार आहे. यादव राजा कान्हरदेव स्वामींना लोणारला भेटला, हीही लीळा आहे. ते चालत गेले ती वाट निदान सायकलवरून पाहावी, एवढेच मनात होते.

सकाळच्या थंडीत नांदुऱ्याचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चाललेली, बायकांच्या कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या. येरळीच्या पुलावर थांबलो. पूर्णा हिवाळ्यात फार मोठी नसते. खोल मळीच्या काठांमधून गढूळ, सुस्त वाहते. येथून काही अंतरावर आमच्यातल्या एकीचे माहेर आहे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण जे पुढे सांगायचे ते या काठच्या कोणत्याही गावाला लागू पडेल. नांदुरा तालुक्यात जिगाव येथे पूर्णेवर धरणाचे काम नव्वदच्या दशकापासून चालू आहे. ते पुरे होऊन पाणी अडवले गेले की नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर आणि शेगाव या तालुक्यांतली अनेक गावे तळ्याखाली जातील. हे त्यांतले एक. पुलावरून गावची झाडे दिसतात. "आता जायचं का?" असे एकाने विचारले. "येताना जाऊ," असे उत्तर आले. जाताना गेलो असतो तर पुढे गेलोच नसतो, हे दोघांनाही माहीत होते.

नांदुऱ्याला महामार्गालगतचा १०५ फुटी हनुमान दुरूनच पाहिला आणि चहा घेऊन मोताळ्याकडे वळलो. मोताळा तालुक्यात नळगंगेचे धरण आहे. वैनगंगेचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्याने आणून ज्या नळगंगेत सोडायची योजना राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली, ती हीच. विदर्भाच्या एका टोकाचे पाणी दुसऱ्या टोकाला येणार. वाटेत किती गावांवरून येणार, असा विचार मनात आला आणि राजूर घाट सुरू झाला.

घाटाचे वर्णन करण्यासारखे फारसे काही नाही, कारण आम्ही तो बहुतांशी खाली मान घालून पाहिला. काळ्या सायकलीला गिअर नाही. अर्ध्या घाटात दोघेही उतरलो आणि सायकली हातात धरून चालू लागलो. मागून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवत, ते चिडून की प्रोत्साहन म्हणून, हे ठरवता येईना. वर पोचलो तेव्हा वारा बदललेला होता. बुलढाण्याची हवा थंड आहे असे जन्मभर ऐकले होते; त्या रात्री लॉजच्या दोन घोंगड्यांत ते पटले.

दुसरा दिवस चिखलीवरून मेहकर. सोयाबीन केव्हाच निघून गेले होते, तूर उभी होती. मेहकर पैनगंगेच्या काठी आहे. तिथला शारंगधर बालाजी १८८८ साली जमिनीत सापडला. सुमारे अकरा फुटांची काळ्या पाषाणाची मूर्ती. इतकी नितळ की दगडाला घामही येत असेल असे वाटते. कित्येक शतके ती मातीखाली होती. कोणी पुरली, कोणत्या भीतीने पुरली, याची कोणतीही पोथी नाही. म्हणजे पुरणाऱ्याने जागा लक्षात ठेवली असणार, मुलाला सांगितली असणार आणि मग एखाद्या पिढीत सांगायचे राहून गेले असणार. आम्ही देवळाच्या ओसरीवर बराच वेळ बसलो. पाय दुखत होते हेही एक कारण होतेच.

मेहकर ते लोणार अंतर थोडे. भोवती सपाट शेते, बाभळी, मधूनच एखादी शाळा. आपण जगातल्या एका विलक्षण जागेकडे चाललो आहोत याची रस्ता काही खूण देत नाही. मग जमीन किंचित चढते आणि एकाएकी पुढे जमीनच नसते. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाची ती वाटी, तिच्या तळाशी हिरवट, न हलणारे पाणी. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने तिची नोंद केली. आपल्या ग्रंथांत ती त्याआधीपासून होतीच. हा ज्वालामुखीचा खड्डा की आकाशातून पडलेल्या दगडाचा, हा वाद दीडशे वर्षे चालला आणि १९७३च्या संशोधनात आघाताने वितळून झालेल्या काचेचे पुरावे मिळाल्यावर मिटला. वयाचा वाद मात्र मिटला असे म्हणवत नाही. एका पद्धतीने ते बावन्न हजार वर्षे निघते, दुसरीने पावणेसहा लाख. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा टाळेबंदीत अडकलेल्या अख्ख्या देशाने मोबाइलवर लोणार पाहिले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, असे पुढे पुण्याच्या संशोधकांनी दाखवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हे सरोवर रामसरच्या यादीत गेले.

पुराणकथा याहून नेटकी आहे. लवणासुर इथे जमिनीखाली राहत होता. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले. तळ्याचे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि खार म्हणजे मांस. गावात दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ आहे. पण आम्हा मराठीवाल्यांना त्याहून मोह पडला तो तळ्यातून पूर्वी काढल्या जाणाऱ्या क्षारांच्या नावांचा: पापडी, दल्ला, खुप्पल, भुसकी. प्रत्येक क्षार वेगळा, प्रत्येकाचा उपयोग वेगळा. धंदा गेला आणि शब्द जुन्या गॅझेटियरांत राहिले, तेही इंग्रजांनी ऐकले तसे. खार काढणाऱ्या माणसाच्या तोंडी ते नेमके कसे होते, हे आता कोणाला विचारावे?

खाली उतरलो. काठावरच्या देवळांपैकी बरीचशी पडकी. वटवाघळे, वानरे, सीताफळीची झुडपे. कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका अंगाचे पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचे खारे, अशी ख्याती. कोणते अंग सासूचे, यावर तिथल्या दोन बायकांत एकमत झाले नाही. (पुढे २०२५मध्ये सरोवराची पातळी चढून पाणी कमळजादेवीच्या देवळात शिरल्याच्या बातम्या वाचल्या. आम्ही ज्या दगडावर बसलो तो आता कुठे असेल, असे पहिल्यांदा मनात आले.)

खाऱ्या पाण्याचे आम्हाला नवल वाटायचे कारण नव्हते. आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या दोन्ही काठांना मैलोगणती विहिरींचे पाणी खारे. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. आमच्या आणि संग्रामपूर तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजाराने माणसे गेली आहेत. वर्गातली एखादी मुलगी आठवडाभर येत नाही, तेव्हा कारण विचारण्याआधी आम्ही थबकतो. आता वान धरणाचे पाणी १४० गावांच्या योजनेतून आमच्या बाजूला येते आणि आम्ही ते पितो. त्या धरणाच्या पाण्याखाली कोणाचे काय गेले, हे आम्ही आजवर एकदाही विचारलेले नाही. लोणारच्या काठी बसून हे मनात यावे, यात तर्कसंगती कमी असेल. पण आले ते असे आले.

दुपारी पोथी काढली. धारेजवळ, कुंडाशी उभे राहून दिशा जुळवू लागलो. एकाने पोथी वाचायची, दुसरीने मोबाइलमधले होकायंत्र पाहायचे, पावले मोजायची, वहीत टिपायचे. सातशे वर्षांत देवळे पडली, उभारली गेली, काहींची तोंडे बुजली. तरी दोन ठिकाणी दिशा जुळल्या, निदान आम्हाला तसे वाटले. आणि इतकी वर्षे रुक्ष म्हणून शिकवलेल्या त्या ओळींचा अर्थ उमगला. लिहिणाऱ्याने वर्णन केले नाही, कारण त्याला वाचकाला मोहवायचे नव्हते. त्याला वाचकाला तिथवर पोचवायचे होते. उद्या देऊळ पडेल हे त्याने धरूनच ठेवले होते. म्हणून नदी कोणीकडे, वेस कोणीकडे, दोहोंच्या मधे किती पावले. वर्णनाने जागा सुंदर होते. मापाने ती सापडते.

तेवढ्यात कुंडावर अंघोळ आटोपून आलेले एक म्हातारेबुवा बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. जवळ येऊन त्यांनी विचारले, "मोजणीवाले हायेत का? इथंबी काही जाऊन रायलं काय?"

एकाने हसून नाही म्हटले. दुसरी हसली नाही. 'मोजणी' हा शब्द तिच्या माहेरात कसा उच्चारला जातो हे तिने त्या संध्याकाळी प्रथमच सविस्तर सांगितले. वीस वर्षांपूर्वी गावात साखळ्या, झेंडे घेऊन माणसे आली. घराची मोजणी, गोठ्याची मोजणी, विहिरीची, झाडांची. आंबा इतक्या वयाचा, लिंब इतक्या वयाचा. वडील त्यांच्यामागे फिरत होते, कारण त्यांना वाटे की काही राहून जाऊ नये. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "ओटा नाही धरला." घराच्या चौरसात ओटा आला होता, वेगळा असा धरला नव्हता, एवढेच. पण ज्या ओट्यावर ते तीस-पस्तीस वर्षे रोज संध्याकाळी बसत, पेपर वाचत, भांडणे मिटवत, त्याचे नाव कुठल्या रकान्यात नव्हते. मोजणाऱ्यांची चूक नव्हती. त्यांच्या कागदाला तो प्रश्न विचारायचाच नव्हता.

चौथ्या दिवशी लोणार ते सिंदखेडराजा. वाटेत समृद्धी महामार्ग दिसतो, उंच बांधावरून जाणारा; त्यावर सायकलीला मज्जाव आहे, म्हणून आपण खालून, पुलाच्या सावलीतून जातो. त्यावरून मुंबईपर्यंत आता सरळ जाता येते. वाटेतली गावे मात्र दिसत नाहीत.

सिंदखेडराजाला १२ जानेवारीला लाखो लोक येतात, कारण १५९८ साली त्या दिवशी जिजाऊंचा जन्म तिथल्या राजवाड्यात झाला. डिसेंबरातल्या त्या दुपारी राजवाड्याच्या भव्य दरवाजात आम्ही, एक पहारेकरी आणि सहलीला आलेली एक शाळा एवढेच होतो. लखुजी जाधवरावांना निजामशहाच्या दरबारात, देवगिरीवर, २५ जुलै १६२९ रोजी मुलांसह दगा देऊन मारले गेले. त्यांची समाधी गावात आहे, आणि ती पाहताना छाती दडपते. तिच्याच परिसरात जून २०२४मध्ये पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती वर आली. सागरावर निजलेला देव कोरड्या मातीखाली निजला होता. त्या आठवड्यात आम्हाला भेटलेला हा जमिनीतून वर आलेला दुसरा विष्णू.

मोती तलाव हे जाधवरावांच्या काळातले बांधकाम. सायकली भिंतीला टेकवून संध्याकाळ होईपर्यंत तिथे बसलो. बंधाऱ्याची दगडी भिंत, तिच्यातल्या कमानी, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या हे सगळे इतके प्रमाणबद्ध आहे की हे शेतीसाठी पाणी अडवायला बांधले, यावर विश्वास बसू नये. पलीकडे चांदणी तलाव, त्याच्या मध्यभागी जलमहाल. बगळे होते, म्हशी होत्या, एक मुलगा गळ टाकून बसला होता. ऐतिहासिक स्थळ म्हणून आम्ही ते डोळे भरून पाहिले. आणि मग दोघांच्याही मनात एकाच वेळी, किंवा जवळजवळ एकाच वेळी, तोच प्रश्न आला: या पाण्याखाली त्या वेळी कोणाची शेते गेली असतील? चारशे वर्षांपूर्वीही ही जागा कोणाची तरी असणारच. कोणी गाऱ्हाणे केले असेल, कोणाला दुसरीकडे जमीन मिळाली असेल, कोणाला नसेल. आज तळे आहे, आणि ते सुंदर आहे. चारशे वर्षांनी जिगावच्या काठावर सायकली टेकवून कोणी दोघे असेच बसतील, आणि तळे सुंदरच असेल.

यावर आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, तळे झाले म्हणजे खाऱ्या मुलखाला गोडे पाणी मिळेल, शेतीला मिळेल. हळहळ ही शिकलेल्या माणसांची चैन आहे. दुसरीचे म्हणणे, मी धरण नको म्हटलेच नाही. "अहो, मी फक्त विचारतेय, आमचा ओटा कुठे होता हे पुढे कोण सांगणार?" लॉजवर परतेपर्यंत आम्ही बोललो नाही.

शेवटच्या दिवशी देऊळगाव राजा मागे टाकून खडकपूर्णा ओलांडली. तिच्यावरच्या धरणाला संत चोखासागर नाव आहे, कारण चोखोबांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा याच तालुक्यात. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांचे नाव आता एका बांधाला आहे. थांबावेसे वाटत होते, पण गुडघ्यांनी नकार दिला. चिखलीला पोचलो तेव्हा काळ्या सायकलीचे पुढचे चाक पंक्चर आणि मालक दोन्ही बसलेले. तिथून एका छोट्या हत्तीत भाजीच्या रिकाम्या कॅरेटांबरोबर सायकली चढवल्या आणि खामगावमार्गे नांदुऱ्याला उतरलो. पाच दिवसांत प्रयत्नपूर्वक चढलेला घाट पाऊण तासात उतरून झाला. शुद्ध सायकलप्रवास म्हणून याची कुठे नोंद होणार नाही, हे मान्य आहे.

नांदुऱ्याहून पुन्हा पायडल मारत पूर्णाकाठच्या त्या गावी पोचलो तेव्हा चार वाजले असावेत. गाव जागच्या जागी होते. आपल्याला उठायचे आहे हे ज्या गावाला फार वर्षे ठाऊक असते, ते ओळखू येते: भिंतींना कोणी नवा गिलावा करत नाही, मोडकी खिडकी दोरीने बांधलेली असते, कोणी माडी चढवत नाही. दादा अंगणात तूर वाळत घालत होता. "आवो जवाईबापू, सायकलवर?" त्याचे मत स्वच्छ आहे, जायचे तर एकदाचे जाऊ, अशा अर्ध्या अवस्थेत पोरांची लग्ने जमत नाहीत. माय ओट्यावर बसली होती. काय काय पाहिले ते लेकीने सांगितले. लोणार, मोती तलाव, चांदणी तलाव. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "एवढ्या दूर तयं पाह्यले गेल्या व्हत्या व माय? तयं तं इथीच येऊन रायलं."

वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, हे आम्ही बोलींच्या पेपरला शिकवतो.

चहा झाल्यावर लेकीने काळी सायकल पुन्हा बाहेर काढली. भाच्याने शिंप्याकडून टेप आणला. टायरवर खडूची खूण करून चाक एकदा पूर्ण फिरवले; सव्वादोन मीटरांना थोडे कमी भरले. आरीला लाल दोरा बांधला, म्हणजे फेरे मोजता येतात. मग नदीच्या उतारापासून सुरुवात केली. एकाने सायकल हातात धरून सरळ चालवायची, भाच्याने मोठ्याने फेरे मोजायचे, दुसरीने वहीत लिहायचे. उतारापासून मारुतीचा पार उत्तरेस, एकसष्ट फेरे. पारापासून जुनी चावडी पूर्वेस, बावीस. चावडीच्या मागे पडीक विहीर, पाणी खारे. पाराच्या पश्चिमेस लिंब होता, तो कोणत्या साली पडला यावर तीन म्हाताऱ्यांची तीन मते पडली. हळूहळू निम्मे गाव मागे चालू लागले. माझे घर लिहिले का, आमची गोठ्याची जागा लिहा, इथे गिरणी होती ती लिहा. इथे सातवीच्या परीक्षेला आलेले साहेब जेवायला बसले होते, तेही लिहा. लिहिले.

ओट्यापाशी आलो तेव्हा मात्र मोजणी अडली. दादा म्हणाला, बाबा रोज पूर्वेच्या खांबाला टेकून बसत. सकाळचे ऊन तिथे येते. माय म्हणाली, "काही सांगतं. संध्याकाळीच बसत ना, तं मावळतीच्या खांबाले." दादाने मान डोलावली नाही. लीळाचरित्रात एकाच लीळेचे निरनिराळे पाठ नोंदलेले असतात. संशोधकाने कोणता पाठ ग्राह्य धरावा, यावर आम्ही दोन तासिका घेतो. वहीत आम्ही दोन्ही खांब लिहिले, पारापासून अनुक्रमे सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस फेरे, आणि पुढे कंसात मायचे व दादाचे नाव घातले.

अंधार पडू लागला होता आणि दोन्ही सायकलींना दिवा नव्हता. खालची आळी राहिली. ती पुढच्या रविवारी करू म्हणून निघालो तर माय मागून ओरडली की विहिरीचा थारोळा लिहायचा राहिला.